पाडव्याच्या मुदतीची पेटी

भालगव्हाण, ता. पाथर्डी
१९ ऑगस्ट २०२४

ती. नाना यांस,

दिपालीचा नमस्कार. तुमच्या पायांवर डोकं ठेवलं असतं, पण तुम्ही लगेच "ऊठ, कामाला लाग" म्हणाल, म्हणून कामाचंच लिहिते.

फोनवर बोलायचा नाद मी सोडून दिला आहे. मागच्या वेळी वाचनालयाची सगळी हकिगत सांगून झाली आणि शेवटी तुम्ही "बरं, जेवलीस का?" एवढंच विचारलंत. कानातलं यंत्र तुम्ही चष्म्याच्या डब्यात ठेवता, हे रुपालीवहिनींनी मला सांगून टाकलं आहे. स्वतःच्या सुनेला लपवता येत नाही ते माझ्यापासून कसं लपवाल? तेव्हा आता पत्रच.

बातमी अशी की आपल्या वाचनालयाच्या पुस्तकांची नोंद संगणकावर घ्यायचं ठरलं आहे. कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं ते मंडळाच्या सभेत ठरेल आणि ग्रंथपाल म्हणून माझं मत आधी मागितलं आहे. हनुमंतराव अध्यक्ष झाल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच आहे, वाचनालय 'क' वर्गातून 'ब' वर्गात गेलं पाहिजे. शेजारच्या गावाने एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं आणि सरकारी तपासणीत त्यांची वाहवा झाली, म्हणून आपणही तेच घ्यावं असं त्यांचं म्हणणं. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येऊन गेला. मी म्हटलं, शेळीपालनाचं पुस्तक शोधून दाखवा. मराठीत टाइप केल्यावर काहीच निघालं नाही, इंग्रजी अक्षरांत 'शेळी' लिहिल्यावर निघालं. हनुमंतरावांनी तरीही टाळ्या वाजवल्या.

दुसरं एक मोफतचं सॉफ्टवेअर आहे. जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं, कुणीही वापरावं असं. पण त्याच्या मागे कंपनी नाही, म्हणून हनुमंतरावांचा विश्वास नाही. 'फुकट ते पौष्टिक' हे त्यांना फक्त पंगतीत पटतं.

माझी काळजी निराळी आहे. त्या माणसाने विचारलं, पुस्तक किती दिवसांसाठी देता? मी म्हटलं, पंधरा. मग मी पेटीचं सांगितलं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येक टोळीला आपण पुस्तकांची एक पत्र्याची पेटी देतो, ती भांड्याकुंड्यांबरोबर गाडीत चढते, कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत राहते आणि गुढीपाडव्याला टोळीबरोबर गावी येते. तो हसला. म्हणाला, "मॅडम, एका माणसाच्या नावावर पेटीभर पुस्तकं, तीही अर्धं वर्ष? सिस्टिम घेणारच नाही." हनुमंतराव तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

नाना, पेटी तुम्ही सुरू केलीत. दोन ओळी लिहून पाठवा. तुमच्या शब्दाला मंडळात अजून वजन आहे. पेटी चालू राहिली पाहिजे, एवढंच लिहा. बाकीचं मी बघते.

आपली,
दिपाली

◆

केडगाव
२ सप्टेंबर २०२४

चि. दिपाली,

शंभर वर्षं जग, पण एवढं बारीक अक्षर काढून जगू नकोस. भिंग घेऊन वाचावं लागलं.

यंत्र डब्यात ठेवतो कारण ते शिट्ट्या मारतं. या वयात माणसाने शिट्ट्या ऐकत बसू नये.

मी म्हातारा, म्हणजे संगणकाच्या नावाने बोटं मोडणार, अशी तुझी समजूत दिसते. अगं, उभी हयात मी एकेक पुस्तक हाताने नोंदवलं. कार्डं कापली, ओवली, उंदरांनी खाल्ली की पुन्हा लिहिली. माझा अंगठा वाकडा झाला तो काही कुस्ती खेळून नव्हे. तेव्हा मला कुणी संगणक दिला असता तर मी त्याला हळदकुंकू वाहिलं असतं. उद्या मिळत असेल तर आजच घे. हनुमंता म्हणतो तेच घे. शाळेत असताना तो पुस्तकातली चित्रं कापून न्यायचा. आता पुस्तकांची काळजी वाहतो आहे, हे काय थोडं झालं?

पेटीचं म्हणशील तर, पहिली पेटी कशी गेली ते तुला मी कधी सांगितलं का? दिवाळी सरली की गाव रिकामं व्हायचं. घरांना कड्या, ओट्यांवर तेवढी म्हातारी माणसं. वाचनालयात मी आणि भिंतीवरचं घड्याळ, दोघंच. दोघांनाही काम नाही. त्या वर्षी टोळ्या निघाल्या तेव्हा भागूबाई दारात आली. आताच्या बिभीषण मुकादमाची आई. तिला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं, पोरं मात्र शाळेत घातली होती. म्हणाली, "मास्तर, तुमी म्हंता वाचनालय गावाचं हाय. गाव तर समदं टरकात बसलंय. मंग हे हितं कुनासाठी ठिवलंय?"

मी उठलो. दुकानातून चहाचं रिकामं खोकं आणलं, हाताला लागतील ती पुस्तकं भरली आणि ट्रकवर चढवलं. पाडव्याला ते खोकं परत आलं तेव्हा पुस्तकांच्या कडा धुराने पिवळ्या झाल्या होत्या आणि पानांना उसाचा गोडसर वास येत होता. मी ती उन्हात वाळत घातली. खरं सांगतो, तो वास जाऊ नये असंच वाटत होतं. दुसऱ्या वर्षी पत्र्याच्या पेट्या करून घेतल्या. पाडव्याच्या दिवशी गुढी उभारून झाली की मी वाचनालयाच्या पायरीवर बसायचो. एकेक गाडी यायची, एकेक पेटी उतरायची, आणि कुणीतरी पोर आधी मला सांगायचं की त्याने कुठलं पुस्तक दोनदा वाचलं. तसला सण मी पुन्हा पाहिला नाही.

असो. ते दिवस गेले. आता कोपीकोपीत मोबाईल आहेत. पेटी उघडतं कोण, देव जाणे. ही पेटी तू माझ्यासाठी चालवते आहेस हे मला कळतं, आणि म्हणूनच सांगतो, माझ्या पेटीपायी वाचनालय अडवू नकोस. सभेत हे पत्र वाचून दाखव. सांग, मी, राधाकृष्ण मास्तर, स्वतः म्हणतो, पेटी बंद करा आणि संगणक घ्या.

तुझा,
नाना

◆

भालगव्हाण
२४ नोव्हेंबर २०२४

ती. नाना,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. पत्र पोचलं होतं.

सभा झाली आणि कंपनीचंच सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, एका वर्षाच्या बोलीवर. पसंत पडलं नाही तर बदलायचं. दिवाळीची सुट्टी मी पुस्तकांवर बारकोडच्या पट्ट्या चिकटवण्यात घालवली. आता पुस्तक यंत्रापुढे धरलं की टुक् असा आवाज येतो आणि नोंद होते. तुमचं घड्याळ अजून भिंतीवर आहे, आता त्याला सोबत झाली.

एक गोष्ट मात्र या यंत्रात मावत नाही. तुमच्या कार्डांवर तुम्ही कोपऱ्यात लिहून ठेवायचात, 'आजाऱ्यास द्यावे', 'नव्या सुनेस द्यावे', 'रडू येते, सांगून द्यावे'. ते कुठं भरायचं असं मी कंपनीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, असा कॉलमच नाही. ती कार्डं मी टाकलेली नाहीत.

आणि पेट्या गेल्या, नाना. सगळ्या टोळ्यांच्या गेल्या. युक्ती अशी केली की पेटीतली पुस्तकं टोळीतल्या घराघरांच्या नावांवर वाटून टाकली, म्हणजे सिस्टिमची तक्रार नाही. प्रत्येकाचा मोबाईल नंबर मागत होतं, तोही भरला. पंधरा दिवसांनी मीच इथून मुदत वाढवत राहीन. कंपनी कंपनीच्या घरी, पेटी पेटीच्या.

तुम्ही विचारलंत, पेटी उघडतं कोण. मी उघडायचे, नाना. आमची कोपी नीरेच्या बाजूला असायची. आई आणि आबा झुंजूमुंजू व्हायच्या आधी उसाच्या फडात जायचे आणि मी धाकट्याला मांडीवर घेऊन बसायचे. पेटी मुकादमाच्या कोपीत, तिच्यावर पिठाचा डबा. डबा उतरवायचा, पुस्तक काढायचं, डबा पुन्हा वर ठेवायचा, म्हणजे मुकादमीण ओरडायची नाही. संध्याकाळी आबांना मी वाचून दाखवायचे. ते भाकरी खाता खाताच पेंगायचे, आणि सकाळी कोयता उचलताना विचारायचे, "मग त्या राजाचं फुडं काय झालं गं?" आबा, म्हणजे तुमचा कानिफनाथ, आयुष्यभर सह्यांच्या जागी अंगठा उठवत गेला, पण त्या सगळ्या राजांची नावं त्याला पाठ होती. मी त्या कोपीत शाळेला मुकले, तरी परत आल्यावर वर्गात मागे पडले नाही. ग्रंथपालाची परीक्षा दिली तेव्हा आबा म्हणाले, "पेटीवाली हुनार आमची पोर."

म्हणून म्हणते, ही पेटी मी तुमच्यासाठी चालवत नाही.

आपली,
दिपाली

◆

केडगाव
१५ डिसेंबर २०२४

चि. दिपाली,

नको म्हटलेलं असताना पेट्या पाठवल्यास? बरं. पाठवल्यास तर पाठवल्यास.

कुठल्या टोळीला कुठली पुस्तकं दिलीस? केवळ माहितीसाठी विचारतो. बायकांसाठी काही घातलंस का? आणि गोष्टींची मोठ्या अक्षरांची पुस्तकं वर ठेवायची, खाली घातली की पोरं पेटी उपसतात आणि मग कव्हरं फाटतात.

कानिफनाथाचं वाचता वाचता माझा चहा निवून गेला. रुपालीने विचारलं, बरं नाही का? तिला म्हटलं, फार बरं आहे.

तू एक लिहिलं नाहीस. सभेत माझं पत्र वाचलंस तेव्हा हनुमंता काय म्हणाला?

नाना

◆

भालगव्हाण
२२ जानेवारी २०२५

ती. नाना,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुमचं पत्र मी सभेत वाचलंच नाही. ते वाचलं असतं तर पेटी तिथल्या तिथं बंद झाली असती. रागवा, पण पुढचं वाचून रागवा.

संक्रांतीच्या आठवड्यात मला ताप आला आणि मी घरी होते. मुदत वाढवायची राहून गेली. सॉफ्टवेअरला ताप येत नाही. त्याने नेमानं आपलं काम केलं आणि सगळ्या टोळ्यांतल्या घराघरांत मोबाईलवर मेसेज पाठवले. 'आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे. त्वरित जमा करावे, अन्यथा सभासदत्व रद्द करण्यात येईल.'

मला काहीच माहीत नव्हतं. कामावर आले तर एसटीचा कंडक्टर दारात उभा, हातात लुगड्यात बांधलेलं गाठोडं. म्हणाला, दौंडला एका बाईने दिलंय, वाचनालयात पोचवा म्हणून. दुपारी दुधाच्या टेम्पोतून बिभीषणच्या टोळीची पेटी आली. त्यानंतर रोज काही ना काही येतंच आहे. कुणी नातेवाइकाबरोबर धाडलं, कुणी ड्रायव्हरच्या हातापाया पडून. एक पुस्तक तर साखरेच्या पोत्यात गुंडाळून आलं. एकही पुस्तक हरवलं नाही, नाना. फडातून सुट्टी मिळत नाही त्या माणसांनी हे सगळं केलं.

मी फोन केले. कुणीही माझ्यावर चिडलं नाही, चिडले असते तर बरं झालं असतं. केशरबाई बिभीषणच्या टोळीतली, तिची मुलगी निकिता सहावीत आहे. केशरबाई म्हणाली, "बाई, आमी काय चोरून न्हेलं न्हवतं. पोरीचं पुस्तक निम्मंच वाचून झालं हुतं, लई रडली. पर म्हटलं, आदी धाडू, नाव खराब नको." मी समजावत राहिले की ती चूक यंत्राची होती, माझी होती. ती "बरं बरं" म्हणत राहिली.

हनुमंतराव खूश आहेत. सगळी कपाटं भरलेली, फेब्रुवारीत तपासणी. ते म्हणाले, "बघ, मेसेजचा काय गुण आला. इतकी वर्षं तुम्ही लोक नुसते पाडव्याची वाट बघत बसायचा."

त्या भरलेल्या कपाटांकडे मला बघवत नाही. तुमचंच म्हणणं मी ऐकायला हवं होतं का? पेटी सन्मानाने बंद झाली असती, अशी लाजेने परत आली नसती. तुम्ही सांगाल ते मी करेन. बंद करा म्हणालात तर पेट्या भंगारात देईन आणि पुन्हा त्यांचं नाव काढणार नाही.

दिपाली

◆

केडगाव
३ फेब्रुवारी २०२५

चि. दिपाली,

तुझ्यावर रागवायला मला वेळ नाही. मी माझ्यावरच रागावलेलो आहे.

'पेटी उघडतं कोण' हे वाक्य मी मोठ्या ऐटीत लिहिलं. केडगावात गॅलरीत बसून मला काय कळणार? म्हाताऱ्या माणसाला वाटतं, आपण गावातून निघालो म्हणजे आपल्या मागे सगळं थांबलं. खरं तर मला भीती होती की तू माझी आठवण म्हणून ती पेटी ओढत बसली आहेस आणि एक दिवस कंटाळशील. तुला कंटाळा यायच्या आधी आपणच मोकळं करावं, असा विचार होता. निकिताचं पुस्तक निम्मं राहिलं हे वाचल्यावर तो विचार मी बाजूला ठेवला आहे.

आता नीट ऐक. भंगारवाल्याला बोलावू नकोस.

तुझी चूक मेसेज गेला ही नव्हे. मेसेजचा दोष काय, त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. चूक त्याच्या आधीची. तू पेटीतली पुस्तकं घराघरांच्या नावावर उसनी दिलीस. मी कधीच दिली नव्हती. माझ्या काळी पेटीतल्या पुस्तकापुढे कुणाचंच नाव नसायचं. मुकादमाला फक्त पेटी दाखवायचो आणि म्हणायचो, सांभाळा. भागूबाईने मला पुस्तकं मागितली नव्हती, वाचनालय मागितलं होतं. मी तिच्याबरोबर वाचनालयच पाठवलं. ते गाडीत बसलं होतं, एवढंच. कोपीत पेटी उघडली की तिथं वाचनालय उघडलं, आणि तिथल्या माणसाने तिथल्या माणसाला पुस्तक द्यायचं. मी गावातल्या वाचनालयाचा ग्रंथपाल, कोपीतल्या नव्हे.

हे त्या कंपनीच्या माणसाला सांगून बघ. त्याच्याने होत नसेल तर वर्षाची बोली आहेच. आणि ते फुकटचं सॉफ्टवेअर कुणी उघडून तरी पाहिलं का? की पोरीला न पाहताच नकार कळवला?

नाना

◆

भालगव्हाण
२० एप्रिल २०२५

ती. नाना,

नमस्कार. दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

कंपनीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, पुस्तक एक तर कपाटात असतं नाही तर सभासदाकडे, तिसरी जागा नसते. मग मी मोफतचं उघडलं. शिकवायला कोणी नाही, अडलं की जगातल्या कुठल्या तरी ग्रंथपालाला लिहायचं आणि वाट बघायची. केरळातल्या एका बाईंनी मला फार मदत केली. त्यात सुरुवातीलाच एक प्रश्न येतो, तुमच्या ग्रंथालयाच्या शाखा किती? आपली तर एकच खोली. मी पुढे जाणार होते, आणि तुमचं वाक्य आठवलं. वाचनालय गाडीत बसलं होतं.

नाना, मी प्रत्येक पेटीची शाखा केली. शाखेला पाठवलेलं पुस्तक उसनं गेलेलं नसतं, ते आपल्याच वाचनालयात असतं, फक्त दुसऱ्या ठिकाणी. शाखेने कुणाला दिलं तर त्याची परतीची तारीखही आपण ठरवायची. मी पाडवा घातला. त्याने मुकाट्याने घेतला. मोबाईलचा रकाना रिकामा ठेवला, त्यावरही काही बोललं नाही. आणि हो, तुमच्या कार्डांच्या कोपऱ्यांसाठी शेऱ्यांची जागा आहे. 'रडू येते, सांगून द्यावे' मी स्वतः भरलं.

पाडवा होऊन टोळ्या गावात आल्यावर सभा घेतली. पाडव्याला या वर्षी एकही पेटी उतरली नव्हती, ते कुणाला सांगावं लागलं नाही. हनुमंतरावांनी अडवलंच. "शाखा म्हणजे पत्ता लागतो. फडातल्या कोपीचा पत्ता काय लिहिणार? दर महिन्याला फड बदलतो." बिभीषण मागे बसला होता, तो उठून हनुमंतरावांना म्हणाला, "आप्पा, पत्ता बदलतो आमचा, मानसं तीच ऱ्हात्यात. मानसाच्या नावानं लिवा."

हनुमंतरावांनी माझ्याकडची शाखांची यादी घेऊन बोटाने मोजली. मग त्यांनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, इतक्या शाखा असलेलं वाचनालय तालुक्यात दुसरं कुठलं आहे का? मी म्हटलं, माझ्या माहितीत नाही. त्यांचा चेहरा खुलला. ठराव झाला. कंपनीचं वर्ष संपलं की मोफतचं सॉफ्टवेअर, शाखांसकट. अट एवढीच की प्रत्येक शाखेला जबाबदार माणूस हवा, आणि माणूस मिळाला नाही तर ती पेटी कायमची बंद.

मला वाटलं, आपण जिंकलो. पण सभा संपल्यावर मी बिभीषणला म्हटलं, तुझ्या टोळीचं नाव लिहू ना? तो म्हणाला, "ताई, मी लिवा म्हटलं ते तुमच्यासाठी. आमची मानसं आता पेटी घ्यायची न्हाईत." त्याने केशरबाईकडे बोट दाखवलं. ती तर माझ्याकडे बघतही नव्हती.

दिपाली

◆

भालगव्हाण
२९ ऑक्टोबर २०२५

ती. नाना,

मे महिन्यापासून मी घरोघर फिरते आहे. सगळे चहा देतात, कुणीच नाव देत नाही. नवीन सॉफ्टवेअर सुरू झालं, शाखांच्या पुढे माणसांच्या जागा कोऱ्याच होत्या. परवा केशरबाईकडे शेवटचं म्हणून गेले, कारण गाड्या भरायला लागल्या होत्या. ती भाकरी बडवत होती. म्हणाली, "न्हाई बाई. आमच्या नावावर आदीच उचल न् लई काय काय लिवलेलं आसतंय. त्यात पुस्तक नको."

मी म्हटलं, एकदा चलून तरी बघ. पीठ झटकून आली बिचारी, माझी भीड म्हणून. मी तिला संगणकापुढे माझ्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर तिच्या टोळीची शाखा काढली आणि तिच्या देखत शाखाप्रमुख म्हणून तिचं नाव लिहिलं. निकिताने ते वाचून दाखवलं. केशरबाईने पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं.

"म्हंजी मी घेनारी न्हाई?"

मी म्हटलं, "नाही. देणारी."

तिने हाताला राहिलेलं पीठ पदराला पुसलं. मग म्हणाली, "देनारीचं हाय तर लिवा."

संध्याकाळपर्यंत बाकीच्या शाखांची माणसं स्वतःहून आली. बहुतेक बायका आहेत. मी पेटी भरत असताना केशरबाई शेजारी उभी राहून सांगत होती, हे घाला, ते नको, ते कुनी वाचत न्हाई. मला तुमचीच आठवण झाली. निकिताने आपलं निम्मं राहिलेलं पुस्तक स्वतः पेटीत ठेवलं.

त्यांची गाडी अकरा तारखेला सकाळी निघेल. केडगावच्या बायपासला चहाला थांबतात. तुम्हाला जमणार नाही हे माहीत आहे, उगीच कळवते.

आपली,
दिपाली

◆

केडगाव
१४ नोव्हेंबर २०२५

चि. दिपाली,

जमणार नाही हे तुला कुणी सांगितलं? आमच्या चिरंजीवांची, कल्याणची, कंपनीत पहिली पाळी होती, म्हणून रुपालीच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. या वयात सुनेच्या खांद्याला धरून स्कूटरवर बसलो, लोकांनी बघितलं, बघू देत.

बायपासला गाड्यांची रांगच होती. नावं विचारत विचारत गेलो. केशरबाईचा आवाज फडातला आहे, मला पहिल्या झटक्यात ऐकू आला. मी कोण ते रुपालीने तिला सांगितलं. ती पाया पडायला वाकली, मी म्हटलं, आधी पेटी दाखव. पोरांनी वरचं बोचकं बाजूला केलं आणि ती उघडली. मोठ्या अक्षरांची पुस्तकं वरच ठेवलीस, ते पाहिलं.

मी एकेक पुस्तक हातात घेऊन बघत राहिलो. गाडी सुटायची वेळ झाली तरी माझा हात निघेना. केशरबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "नाना, बघायचं आसंल तर बघा. न्यायचं आसंल तर नाव सांगा."

दिपाली, इतकी वर्षं मी लोकांना पुस्तकं दिली. मला कुणी दिलं नव्हतं. मी माझं नाव सांगितलं, पूर्ण. निकिताने ते लिहून घेतलं, तुला महिनाअखेरीला कळवेल. एक जाडजूड पुस्तक निवडलं. परत कधी करायचं, असं विचारलं, तर केशरबाई म्हणाली, "पाडव्याला. आमी ह्याच रस्त्यानं येनार. हितंच हुबं ऱ्हायचं, उशीर चालनार न्हाई."

बायको गेल्यापासून मी कुठलीच तारीख मनात धरली नव्हती. डॉक्टरच्या तारखा कल्याण लक्षात ठेवतो, औषधांच्या वेळा रुपाली. मला स्वतःला पुढच्या कुठल्याही दिवशी कुठंही पोचायचं नव्हतं. रात्री झोपताना, उद्या उठलो नाही तरी कुणाचं काही अडणार नाही, असंच वाटायचं. हे मी तुला कधी लिहिलं नाही आणि पुन्हा लिहिणारही नाही.

आता मात्र पाडव्याला मला त्या रस्त्यावर उभं राहायचं आहे. शाखा तिची आहे, नियम तिचा आहे, आणि वाचनालयाचं पुस्तक मी आयुष्यात कधी उशिरा परत केलेलं नाही. रोज दुपारी उन्हात बसून थोडं थोडं वाचतो. पाडवा अजून लांब आहे, म्हणून घाई करत नाही.

तुझा,
नाना